सात

पहिले तीन आठवडे काही करायचं नसतं,
फक्त मोजायचं.
म्हणून मी डंडीतला हिलटाउनचा चढ चढून
वॉटी डथीच्या चौथ्या मजल्यावर जायची
आणि तेच ते विचारायची :
शून्य ते दहा, किती?
पडद्याच्या फटीतून टे नदीकडे बघत तो म्हणायचा,
सात.

टायरच्या कारखान्यातून सुटल्याला दोन वर्षं,
बायको जाऊन अकरा महिने,
फ्रिजमध्ये फाटलेलं दूध,
आणि सात.
आलेखावर मी टिंबं ठेवत गेले.
रेघ इतकी सरळ
की वर कपडे वाळत घालावेत.

चौथ्या आठवड्यापासून उपाय.
दिवसाचं वेळापत्रक, श्वासाचा व्यायाम,
रोज दाराबाहेर चार पायऱ्या जास्त.
सहाव्यात आकडा घसरला. चार.
मिसेस गेडिस चष्म्यावरून म्हणाल्या,
उलटं चाललंय, इशबेल.

उलटं नव्हतं.
त्या दिवशी त्याने बायकोचा कोट कपाटातून काढला होता,
मी पोचेपर्यंत बाहीत नाक खुपसून बसला होता,
आणि आकडा सांगण्याआधी
पहिल्यांदाच थांबला.
खरं सांगू? आधीही चारच. कमीच असेल.
तू एवढे जिने चढून येतेस,
बरं दिसलं नसतं.

मापात पाप म्हणतात ते दुकानदाराचं.
हे भल्या माणसाचं माप,
पाहुण्यासाठी शीग लावून भरलेलं.
मागची टिंबं खोडायची सोय
त्या कागदावर नाही.

आठव्यात खालच्या मिसेस स्ट्रॅकन पडल्या,
खुब्याचं हाड मोडलं,
आणि त्यांचा एका डोळ्याने अधू कुत्रा
वॉटीच्या गळ्यात पडला.
दिवसातून दोनदा बावन्न पायऱ्या खाली, बावन्न वर,
समुद्रावरून धुकं येवो की गारा.
पाच. पुन्हा पाच. मग सहा.

अहवाल विचारतो, फरक कोणत्या उपायाने पडला?
माझ्या बैठका आठ.
कुत्र्याच्या कुणी धरल्याच नाहीत.
मी लिहिलं, सांगता येत नाही.
मिसेस गेडिसनी ते खोडून
वर लिहिलं, बैठकांमुळे, अंशतः.
तेही अगदीच खोटं नाही.

शेवटच्या भेटीत चहा त्याने केला.
दुधाची बाटली उजेडाकडे धरून म्हणाला,
हल्ली नासायच्या आत संपतं.
निम्मं तर हा मेलाच पितो.
त्यासाठी रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं : दूध.

फाईल मिटली.
दुपारचे साडेतीन, बाहेर अंधारून आलेलं,
कुत्रा माझे बूट हुंगत होता,
एक डोळा माझ्याकडे.
दार धरून वॉटी म्हणाला,
आणि तुझा किती, इशबेल?
शून्य ते दहा.

पायऱ्या दिसत नव्हत्या नीट.
सात, मी म्हणाले.