कोशाचा रंग

आंधळगावात फोटोची अंधारी खोली,
यावर गिऱ्हाईक आधी हसून घ्यायचं.
हेडाऊबाई हसल्या नाहीत.
अजून ओलाच असलेला प्रिंट दोन बोटांत धरून म्हणाल्या,
"मले पांढरं लुगडं नेसवलास का रे?
नवरा जित्ता हाये माजा."

नवरा बाहेर ओट्यावर, झिबल हेडाऊ.
लुगडं त्यानंच विणलेलं.
येनाच्या झाडावरचा कोसा, धिवरांनी तोडून आणलेला,
राखेच्या पाण्यात उकळलेला,
धागा बाईंनी मांडीवर वळून काढलेला,
आणि आमच्या कागदावर सगळं
जर्मनच्या गंजासारखं करडं.

मी म्हटलं, चहात बुडवू.
शालिकभाऊ लांजेवार, माझे उस्ताद, चिडले.
"चायनं दातबी रंगतेत.
काळ्याले ऊब चढली पायजे,
पांढऱ्याले डाग नाही."

पहिल्या रात्री कागद बदलला,
भंडाऱ्याहून आणलेला जाड, सायीच्या रंगाचा.
दिव्याखाली दुप्पट वेळ धरला,
परवाच्या शिळ्या डेव्हलपरमध्ये पाणी घालून बुडवला
आणि भाकर करपायच्या आत उचलावी तसा उचलला.
लाल दिव्यात सगळंच उबदार दिसतं.
सकाळी उन्हात नेला तर
जांभळाच्या बीचा रंग.
"जवळ आला," उस्ताद म्हणाले, "पन गावात नाही आला."

एक रात्र वीज नव्हती.

तिसऱ्या रात्री पिवळ्या पाण्याचा ट्रे.
त्यात बाई विरघळू लागल्या.
आधी लुगडं गेलं, मग गाल,
मग नथीची सावली.
केस आणि बुबुळं तेवढी उरली
तेव्हा उस्तादांनी माझं मनगट धरलं.
"बस. तेवढं काळं राहू दे."
मग धुऊन धुऊन दुसरा ट्रे,
सडक्या अंड्यांच्या वासाचा.
शेजारच्या सोनकुसऱ्यांनी भिंतीवर थापा मारल्या,
कोंबडी मेली का म्हणून.
आम्ही वाकलेलो, श्वास रोखून.
गेलं होतं तेच आधी परत आलं,
लुगडं,
घडी घडी करत, तपकिरी होत.

झिबलनं खिशातून लडी काढली, प्रिंटला लावली.
दारातल्या उजेडात कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.
"नव्याचा नाही हा रंग," म्हणाला,
"दोन-चार धुन्यानंतरचा हाये."
आणि उरलेले पैसे मोजून दिले.

तो करडा प्रिंट माझ्याकडेच राहिला.
परवा पत्र्याच्या डब्यात सापडला.
त्या दिवशी मी घाईत धुतला होता,
कागदात हायपो राहून गेला असणार.
खालच्या कोपऱ्यातून पिवळा पडत चाललाय.
उस्ताद असते तर म्हणाले असते,
याले ऊब नाही म्हनत, आळस म्हनतेत.
मी तो पुन्हा धुतलेला नाही.
पिवळं वर चढतंय,
पदरापर्यंत अजून पोचलं नाही.