काच क्रमांक सात

लुब्लियानात नोव्हेंबरभर धुकं उठत नाही.
तळघरात येर्नेया दोन काचांमधला थेंब तापवते आहे,
अंशाचा दहावा भाग,
थांबून पुन्हा दहावा भाग.

थेंबातले रेणू काड्यांसारखे.
कुणाची जागा ठरलेली नाही, वाहतात.
शेंडा-बुडखाही नाही,
कल तेवढा सगळ्यांचा एकीकडे.
सगळ्यांचा म्हणजे सरासरीचा;
एकेकट्याला गाठलं तर जो तो डुलतो.
वहीतला शून्य पूर्णांक सहा म्हणजे एवढंच:
बरेचसे, बराच वेळ.

हा कल विन्कोने दिलेला.
मखमलीने काच घासायचा तो,
एकाच दिशेने, परतताना हात उचलून.
मखमल बायकोच्या कोटाच्या कॉलरची.
मार्चमध्ये तो गेला, डबीत सात काचा ठेवून.
ही शेवटची.

चौतीस पूर्णांक आठ. धूसर, थरथरता रंग.
पस्तीस. भिंगाखाली एका कडेने काळोख सरकत येतो
आणि नुसत्या डोळ्यांना थेंब पाण्यासारखा नितळ.
तिला हे अजून पचत नाही:
पुरता गोंधळ स्वच्छ दिसतो,
गढूळ असते ती अर्धीमुर्धी शिस्त.

ती हीटर बंद करते.
निवता निवता रेणू चाचपडतात,
न दिसणाऱ्या ओरखड्यांना लागतात
आणि विन्कोचा हात गेला होता
तिकडेच कलतात.

नियमाप्रमाणे काच आता ॲसिटोनने धुवायची.
येर्नेया बाटलीकडे बघते, घड्याळाकडे बघते,
आणि पुन्हा
तेहतीसपासून सुरू करते.