तडा जाण्याआधीचं

शुक्रवारी बँकेचं दार उघडून दहा मिनिटं होतात न होतात
तोच आर्डिस ट्रेम्बाथ येते.
एक वीसची नोट, एक पाचची,
काउंटरवर तळहाताने सपाट करते.
"पेन्यांची पेटी, लायल. लोकांनी हाताने बांधलेले रोल असतील
तर आधी ते."

पन्नास रोल, अडीच हजार पेन्या.
माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याएवढं वजन.
ती पेटी कडेवर घेऊन जाते
आणि मंगळवारी समोरच्या बँकेत रिकामी करते.
पण ब्यूट ते केवढं! महिन्याभरात
तिच्या पेन्सिलची खूण असलेला रोल
पुन्हा माझ्याच गल्ल्यात.

या गावाने डोंगर पोखरून तांबं काढलं.
तिचे वडील खाली उतरायचे, माझे आजोबाही.
आता तिथे खड्डा आहे, खड्ड्यात विषारी पाणी,
हंस उतरू लागले की बंदुकीचे बार काढून
त्यांना हाकलायला माणूस ठेवलाय.
तांबं कुठे गेलं?
"काही इथेच आहे," आर्डिस म्हणते
आणि एक पेनी काउंटरवर टाकते. खण्ण.
दुसरी टाकते. बद्द.
"हे जस्त. वरून मुलामा."
ब्याऐंशी साली दोन्ही पाडली,
तेव्हा त्या सालच्या नाण्याला
जन्मतारीख विचारून भागत नाही,
वाजवूनच घ्यावं लागतं.

तिने मला भिंग धरायला शिकवलं.
डोळ्याजवळ भिंग, मग नाणं भिंगाजवळ. मान वाकवायची नाही.
अक्षरं दुहेरी दिसली म्हणून हुरळायचं नाही.
ठोका पडताना ठसा जरासा सरकला
तर अक्षराची कड फरपटते, चपटी होते.
ती नुसती धांदल. किंमत एक सेंट.
ठशातच दोनदा उमटलेलं असेल, मुळातच,
तर ते खरं.
"माझा पहिला नवरा," ती म्हणाली, "पहिल्या प्रकारातला."
मागे रांगेत चार माणसं.

फेब्रुवारीत एकदा तिने
खोकल्याच्या गोळ्यांची डबी उघडली.
कापसात चार पेन्या, चारही चौसष्ट सालच्या.
एक या बँकेतली, दुसरी अॅनाकोंडाच्या लाँड्रीतली,
तिसरी तिच्याच स्कूलबसच्या सीटखाली सापडलेली,
बस चालवायचं सोडलं त्या शेवटच्या आठवड्यात.
चौथीचं तिने सांगितलं नाही.

पहिलीवर लिंकनच्या कॉलरपाशी केसाएवढी रेघ.
दुसरीवर ती गालापर्यंत आलेली.
तिसरीवर कपाळ ओलांडून गेलेली.
मी म्हटलं, ओरखडा.
"नख फिरव."
फिरवलं. रेघ खोल नव्हती, वर आलेली होती.
"तडा नाण्याला नाही गेलेला. ठशाला गेलाय.
पोलाद फाटतं, त्या फटीत धातू शिरतो,
आणि तिकडची भेग इकडे
उंचवटा होऊन येते."
चौथीवर काठाशी नुसता गोळा,
ठशाचा तुकडाच उडाला होता,
त्या जागी एक अक्षर गिळलेलं.
त्यानंतर ठसा भंगारात गेला असणार.

चारही एकाच ठशाच्या.
अकरा वर्षं लागली तिला.

"आता कुठली हवी?"
"पहिलीच्या आधीची.
तडा जाण्याआधीची."

मी जरा थांबलो.
"पण तिच्यावर रेघच नसणार. मग ओळखणार कशी?"

आर्डिसने डबीचं झाकण लावलं,
ते नीट बसेना, पुन्हा लावलं.
"तेच ना," ती म्हणाली. "शंभरदा हातातून गेली असेल माझ्या.
तुझ्याही."

संध्याकाळी गल्ला मोजताना
एक चौसष्टची निघाली.
भिंग नव्हतं. खिडकीशी नेली.
बाहेर बर्फ, पिवळा दिवा,
गाल गुळगुळीत, कॉलर गुळगुळीत,
झिजलेला, कुठल्याही लिंकनसारखा लिंकन.
अंगठा फिरवला.
ट्रेच्या कडेला ठेवली वेगळी,
शुक्रवारपर्यंत राहू दे म्हणून.

बुधवारी एका पोराला
सुट्ट्या पैशांत दिली गेली.
माझ्या लक्षात आलं तेव्हा
तो रस्त्यापलीकडे होता,
हातमोज्यात मूठ घट्ट मिटलेली.