कवळी, खालची

डबीवर चिठ्ठी: हडकर शालन, वय एक्क्याऐंशी,
खालची, मऊ अस्तर, घाई नाही.
अक्षर डॉक्टर खंबाटांचं.
घाई नाही, असं ते कधीच लिहीत नाहीत.

ताडदेवच्या या पोटमाळ्यावर तोंडं येत नाहीत,
तोंडांचे साचे येतात, पिवळ्या प्लास्टरचे, आ वासलेले.
तेवीस वर्षं मी माणसं अशी आतूनच ओळखतो:
हा डावीकडून चावतो, ही झोपेत दात खाते,
ह्यानं सुपारी सोडल्याची थाप मारलीय.

हिरडी झिजत झिजत सुरीच्या पाठीएवढी उरते.
तिच्यावर टणक कवळी टेकली
की भाकरीच्या घासागणिक कळ.
मग पावडरीत द्रव कालवायचा, इडलीच्या पिठाइतका,
कवळीच्या पोटात भरायचा, कवळी तोंडात.
तीन दिवस ते ना घट्ट ना पातळ;
जीभ वळेल तसं वळतं, गाल ओढेल तसं सरकतं.
पेशंटनं फक्त जेवायचं आणि बोलायचं.

हडकरबाईंचं अस्तर परत आलं
साय धरलेल्या दुधासारखं, गुळगुळीत.
मागं गिळल्याची खूण, तेवढीच.
चिठ्ठीच्या पाठीवर मी लिहिलं:
पेशंट बोलत नाही का? पुन्हा भरावं लागेल.
खाली उत्तर आलं: कोणाशी बोलेल, दिगंबर?

पुन्हा भरलं.
मंगळवारी चारला लॅबचा फोन वाजला.
डबीच्या झाकणावर नंबर छापलेला असतो आमचा.
"ताडदेव का? मी शालन हडकर.
डॉक्टर म्हणाले, बोला. काय बोलू?"
माझे हात प्लास्टरमध्ये, रिसीव्हर खांद्यात दाबलेला.
साठपासून सत्तरपर्यंत मोजा, म्हणालो,
दवाखान्यात तेच मोजायला लावतात.
एकसष्ट, बासष्ट.
सहासष्टला कवळी खट् वाजली.
सदुसष्टला शीळ.
सत्तराला थांबायचं, तर त्या थांबेचनात,
आकड्यांचे नंबर झाले, नंबरांची गावं:
सावंतवाडी, लाइन खराब. अकोला, अर्जंट.
बेळगाव, पी.पी., माणूस सापडत नाही.
एकतीस वर्षं ट्रंक ऑपरेटर, बहुतेक रात्रपाळी.
दुसऱ्यांची बारशी कानात, दुसऱ्यांची मयतं.
"मध्ये कधी बोलले नाही हो मी. नियमच होता."
आणि एकदम वेगळ्या, इस्त्री केलेल्या आवाजात:
"तीन मिनिटं झाली."
फोन बंद.

बुधवारी चारला. गुरुवारी चारला,
तेव्हा मुळ्याच्या भाजीवरून बरंच काही.

शुक्रवारी अस्तर आलं. दिव्याखाली धरलं.
जिभेकडची कड उचललेली,
पुढं ओठानं रेटून केलेली पन्हळ,
डावीकडं एक खळगा, मला न कळलेला;
हसताना पडतो तसा, पण
फोनवर तर त्या हसल्या नव्हत्या.
माझं "हां, हां" त्यात कुठंच नव्हतं.
कसं असेल म्हणा.

साचा ओतला. मग अस्तर सोलून काढलं.
कच्चं काढायचं, जागी सिलिकॉन भरायचं, रीतच आहे.
हातात लोंबत राहिलं, गुलाबी, कानाच्या पाळीसारखं,
अकोला, बेळगाव, सदुसष्टाची शीळ.
टोपलीत टाकण्याआधी मी दाराकडं पाहिलं,
कशाला, सांगता येत नाही.

पक्कं अस्तरही तसं पक्कं नसतं.
वर्ष, दीड वर्ष. मग कडक होतं, कडेनं सुटतं,
उकळत्या पाण्यात घातलं तर त्याआधीच.
हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून दिलं,
खाली लॅबचा नंबर पुन्हा एकदा,
झाकणावर असला तरी.

आज सोमवार. पावणेचार.
हात धुऊन बसलोय.