वापर

मेढ्याहून निघताना मी पाणी पीत नाही.
सर्वेच्या कामात हे ज्याचं त्यानं शिकायचं असतं,
ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही.

कण्हेरच्या पाण्याकाठी सोळा झोपड्या,
कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या,
आणि प्रत्येकीमागं एक निळा दरवाजा.
पत्र्याचा, नंबर टाकलेला.
अख्ख्या कातकरवाडीत
आतून कडी लागते ती एवढ्याच दारांना.

चौदावं घर बरकी वाघमारेचं.
"उघडा, दारात लाभार्थीचा फोटो लागतो."
तिनं उघडलं.
आत जाळी.
खुंटीला, भांड्यावर, थेट वरच्या पत्र्यापर्यंत,
शिशाचे मणी, थर्माकोलचे तुकडे,
चिलापीचा वास.
"घरात उंदीर कातरत्यात," ती म्हणाली,
"हितं न्हाय येत. सिमिट हाय ना."

पाणी?
तिनं हनुवटीनं खाली दाखवलं.
धरण. मार्चमध्ये मागं सरलेलं.
मधे भेगाळलेला गाळ, आणि चढ.
"दोन हंडं, एक कळशी.
तूच सांग बाय, प्यायचं का वतायचं?"

माझ्या टॅबवर दोनच गोल.
वापर : होय. नाही.
तिसरा असता तरी काय लिहिणार होते मी,
जाळी?

"मग जाता कुठं?"
हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.
"अंधारात. घाणेरीच्या पल्याड.
सून गरवार हाय, तिला एकलीला न्हाय सोडत.
पावसाळ्यात धरण चढलं का
ती बी जागा बुडती."

दुपारचे तीन वाजले होते.
मी काही विचारलं नाही.
तिनंच पाहिलं माझ्या उभं राहण्याकडे,
बायकांना कळतं तसं तिला कळलं
आणि ती जाळी काढू लागली,
एकेक, गुंता न होऊ देता,
दगडांवर पसरत.
सुनेनं भांडं पुसलं फडक्यानं,
पाहुण्याचं ताट पुसावं तसं.
मग कळशी. काठोकाठ भरलेली.
आत नेऊन ठेवली.

कडी गंजलेली. दोन्ही हातांनी लावली.
पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके
माझ्या पायांवर.
बाहेर दोघी पाठमोऱ्या,
राखणीला उभ्या.

पाणी मी जपून वापरलं.
तरी तळाशी ओंजळभरच उरलं.

वापर : होय.
खोटं काही लिहिलं नाही.
फोटोत बरकी दारात उभी आहे,
उन्हानं डोळे बारीक केलेले.
आणि कडेला, अर्धीच आलेली,
कळशी घेऊन उतरणीला लागलेली
तिची सून.