अ.पा.क.

जिल्हा कोर्टाच्या कुंपणाला लागून माझं टेबल,
वर निळी ताडपत्री, खाली विटेवर तोललेला एक पाय.
टेबलाचा. माझे दोन्ही ठीक आहेत.

ती आली तेव्हा अडीच वाजले होते,
वकील चहाला, मशीन तापलेली.
पिशवीतून आखीव पत्रिका काढली, घडीवर फाटलेली,
बोट ठेवलं :
हिमानी सुरेश धकाते, अ.पा.क. काका.
"हे अपाक काय असते जी?"

अज्ञान पालन कर्ता, मी म्हटलं.
म्हणजे तू अज्ञान, काका तुझा पालनकर्ता.

"मी अज्ञान नाही जी."
आणि मग सांगतच राहिली :
गहाण पाटल्यांचं व्याज किती महिन्यांचं तुंबलंय,
मीटर कोणाच्या नावावर,
गोलूच्या शाळेत पालकसभेला कोण जातं,
आणि पाचपावलीच्या दोन खोल्यांचा इसार
काकानं कोणत्या तारखेला घेतला.

फोनवर वाचलं म्हणे तिनं :
अमेरिकेत पोरं कोर्टात जातात
न् आईबापापासून मोकळी होऊन येतात, कागदावर.
एका राज्यात चौदाव्या वर्षी, दुसऱ्यात सोळाव्या,
तिसऱ्यात तसा कायदाच नाही.
नदीच्या अल्याड अर्ज करता येतो,
पल्याड फक्त वाट पाहता येते.
"आपल्याकडे असंन ना असा फॉर्म?"

नाही.
आपल्याकडे वय आहे, पण एक नाही.
चौदा सरली की कामाला हात,
सोळाला विनागिअरची गाडी, अठराला मत,
मुलगा असतीस तर एकविसाला लग्न.
दारूचं विचारू नको : इथं पंचवीस,
खवाश्याचा नाका ओलांडला की एकवीस,
आणि वर्ध्यात शंभरी भरली तरी नाही.
ती हसली. पहिल्यांदा सतरा वर्षांची दिसली.

मी या धंद्यात आले तेव्हा तर
कोर्टानं पालक नेमला की अठराचे एकवीस व्हायचे.
पोरं पालक मागायला येत न् तीन वर्षं हरवून जात.
झिरो माइलच्या खांबापासून गावं मोजतात,
माणसाचं वय कुठून मोजतात, मला अजून कळलेलं नाही.

"अठराले एकेचाळीस दिवस हायत," ती म्हणाली.
"काकाच्या विक्रीच्या परवानगीची तारीख
एकोणतीस दिवसांवर."

हरकत घेता येते. पण अज्ञानाला स्वतः नाही.
वादमित्र लागतो.
"म्हणजे भांडणातला मित्र?"
तसंच काहीसं. मोठा, शहाणा,
त्या खोल्यांतलं ज्याला काही नको असा.
ती बोटं मोजत बसली.
दोन बोटं झाली, मग मूठ.

तीस वर्षं दुसऱ्यांची नावं
दुसऱ्यांच्या रिकाम्या जागी टाइप करते आहे मी.
चूक झाली तर पांढरं लावते.
पुढची ओळ विचार न करता गेली :
तर्फे वादमित्र वनमाला गणपत खापेकर,
वय छप्पन, धंदा टायपिंग.
मग विचार आला. पांढऱ्याची बाटली हातात घेतली,
झाकण उघडलं नाही.

कागद निघाला. तिनं पेन मागितला.
"सही कुठं करू?"
तुला नाही करायची, मी म्हटलं.
या कागदात तुझ्या सहीला जागा नाही.
तिच्याकडे न पाहता ड्रॉवरमधून पावतीबुक काढलं.
चाळीस रुपये, तारीख, खाली रेघ.
खरं तर पावतीवर घेणाऱ्याची सही असते.

तिनं पूर्ण नाव लिहिलं, मधलं बापाचंसुद्धा,
दाबून,
कार्बनखालच्या तिसऱ्या प्रतीपर्यंत उतरेल असं.