भार जोडल्यावर

श्टुटगार्ट हे कढईत बसलेलं शहर आहे.
चहूकडे टेकड्या, द्राक्षांचे मळे,
तळाशी आम्ही, बोटनांगची माणसं,
मंद आचेवर.
वारा वरच्या वर जातो. वाकून विचारत नाही.

हे मला ठाऊक होतं.
तरी सांडपाण्याचा जुना पाइप उभा चिरला,
तीन पाती काढली, कडा कानशीने घासल्या,
पुढची गोल, मागची सुरीसारखी.
एकतीस वर्षं लेथवर काढली मी,
बोटांना अजून दशांश मिलिमीटर कळतो.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक पातं
चार ग्रॅमनी हलकं निघालं.
त्याच्या पोटाला चिकटपट्टी गुंडाळली,
जास्त झाली, नखाने थोडी सोलून काढली.

मग अंगणात, कपडे वाळवायच्या खांबावर
सायकलचा डायनॅमो, आणि त्यावर हा पंखा.
मंगळवार. पान हलत नाही.
बुधवारी त्सेल्टवांगरबाई कुंपणावरून म्हणाल्या,
याचा फार आवाज होईल का हो?
मी म्हटलं, झालाच तर केक आणून देईन.

गुरुवारी दुपारी झुळूक आली.
मापकावर दोन पूर्णांक एक.
पाती थरथरली आणि तिथेच अडली,
आतले चुंबक सोडेनात.
मी बोटाने जरासं लोटलं
आणि तो सुटला,
कानात वारं शिरलेल्या वासरासारखा!
तिन्ही पात्यांची मिळून एक धूसर ताटली झाली,
तिच्यातून पलीकडचं सफरचंदाचं झाड दिसत होतं.
बाईंचा नातू यानिस ओरडला, दिवा लाव ना, दिवा!

तार जोडली.
दिवा केवढा, मुगाच्या डाळीएवढा.
ताटलीतून पाती वेगळी दिसू लागली,
मग मोजता आली,
मग थांबली.
तार काढली, फिरला.
जोडली, थांबला.
यानिस म्हणाला, त्याला नाही आवडत.

निवृत्त झाल्यापासून मीही दिवसभर फिरते.
पोहणं, गायनमंडळ, ग्रंथालयातली पुस्तकं परत करणं.
सगळे म्हणतात, इर्मट्राउट, काय हा उत्साह!
फेब्रुवारीत बहिणीने विचारलं,
आईला आठवड्यातून दोन दिवस ठेवून घेशील?
त्यावर मी अजून काही बोललेले नाही.

संध्याकाळी पाती उतरवली,
मुळाशी गरम पाण्यात वाकवून कोन वाढवला.
वेग कमी होईल, पण जोर येईल.
निदान वहीत तसं लिहिलं.

शुक्रवार, रात्रीचे तीन. दोन पूर्णांक आठ.
खिडकीतून पाहिलं: दिवा लागला.
विझला.
लागला, आणि बराच वेळ
थरथरत राहिला, तांबडा.

सकाळी बहिणीला फोन केला.
म्हटलं, दोन नाही, एक. आधी एक दिवस बघू.
ती काही बोलली नाही, पाठीमागे किटली वाजत होती.

त्सेल्टवांगरबाई कुंपणापाशी उभ्या होत्या.
रात्री काहीतरी गुणगुणत होतं, म्हणाल्या.
मी आत जाऊन अंडी फोडायला घेतली.